गाडीच्या खोलीत अभ्यास : एक खोली, घरातली अनेक कामं



दहावीच्या वर्गात एकदा मी सहज विचारलं, "घरी अभ्यासाला कुठं बसता?" एक मुलगी म्हणाली, "बसायला जागाच नाही जी, मॅडम. टीव्ही बंद झाला की मग बसते." पुढे गृहभेटीला तिच्या घरी गेले. रस्त्याच्या बाजूला शटरची चांगली दहा बाय सोळा फुटांची खोली होती. घर बांधताना 'पुढे कधी चारचाकी घेऊ' म्हणून काढलेली. आत एक मोटारसायकल, धानाची पोती आणि मोडका कूलर. घरात जागा होती, पण तिच्या वाट्याला आली नव्हती.

आपल्या मूलमध्ये अशी गाडीची खोली बऱ्याच घरांत आहे. तिथं मुलांचा अभ्यास, आईचं शिलाईकाम आणि आजोबांची झोप, तिन्ही कसं बसवायचं ते आज पाहू.

१. आधी कागद पाहा

घराच्या मंजूर नकाशात ती जागा वाहनतळ म्हणून दाखवली असेल, तर भिंत पाडण्याआधी नगर परिषदेत विचारा. वापर बदलायला परवानगी लागू शकते. आणि मोटारसायकल कुठं जाणार हेही आधीच ठरवा, नाहीतर पंधरा दिवसांत ती परत आत येते. पेट्रोलची गाडी किंवा कॅन आणि झोपण्याची खाट एका खोलीत कधीच नको.

२. उन्हाळ्याचं गणित

चंद्रपूर जिल्ह्याचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गाडीच्या खोलीवर बहुतेक टिनाचं छप्पर असतं. टीन उन्हानं तापतं आणि ती उष्णता खाली फेकतं, म्हणून पंखा लावला तरी गरमच हवा लागते. उपाय दोन. पहिला, होळीच्या आसपास टिनाला वरून पांढरा चुना मारा. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे हे दरवर्षीचं काम आहे. दुसरा, टिनाखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं आढं करा आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. बांबू आपल्याच भागातला आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. फक्त कच्चा बांबू वापरू नका, त्याला कीड लागते. प्रक्रिया केलेलाच घ्या.

कूलर लावताना एक चूक नेहमी होते. लोक खोली बंद करून कूलर चालवतात. कूलर ओली हवा आत ढकलतो, तेव्हा समोरची खिडकी उघडी हवी. नाहीतर दमटपणा वाढतो आणि गारवा जाणवत नाही. पावसाळ्यात हवाच ओली असते, म्हणून तेव्हा कूलरचा उपयोग होत नाही.

३. हवा आणि उजेड

शटर बंद केलं की ही खोली पेटीसारखी होते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-कोरड्या भागात खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक दशांश असावं. दहा बाय सोळा म्हणजे १६० चौरस फूट. त्याचा दशांश १६ चौरस फूट, म्हणजे चार बाय चारची एक खिडकी. त्यापेक्षा तीन बाय तीनच्या दोन खिडक्या समोरासमोर काढल्या तर क्षेत्रफळ १८ होतं आणि वाराही आरपार जातो.

४. पाणी, उंदीर, साप

गाडी चढावी म्हणून या खोलीची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असते. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आधी इथंच शिरतं. चार-सहा इंच भराव घालून मग फरशी बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धानाची पोती असली की उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. शटरखाली दोन बोटांची फट असली तरी साप आत येऊ शकतो. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंशाच्या जागी दुखतही नाही, त्यामुळे पुष्कळदा उशिरा कळतं. म्हणून पोती दुसरीकडं हलवा, शटरखाली रबराची पट्टी लावा किंवा उंबरठा बांधा, झोपायला खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. हा खर्च रंगाच्या आधी करा.

५. वीज

या खोलीत बहुधा एक बल्ब आणि एकच प्लग असतो. त्यावर कूलर, इस्त्री आणि मशीन जोडू नका. घराच्या बोर्डापासून वेगळी लाइन घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं उपकरण बसवा. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. ती बंद अभ्यासाच्या खोलीत ठेवू नका.

६. जागेआधी वेळ वाटा

इथंच बहुतेकांचं चुकतं. फर्निचर येतं, पण खोली कोणाची कधी, हे कोणी ठरवत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याची खोली होते. सगळ्यांनी बसून कागदावर लिहा. पहाटे पाच ते सात अभ्यास. मुलं शाळेत असताना अकरा ते चार शिलाई. संध्याकाळी सात ते नऊ पुन्हा अभ्यास, तेव्हा मशीन बंद. रात्री आजोबांची खाट. भिंतीला बिजागरीनं लावलेलं मिटणारं टेबल आणि चाकं लावलेलं मशीन असलं की बदल पाच मिनिटांत होतो.

घरातल्या जागेचा असा विचार आपल्या शिक्षणाला नवा नाही. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा भिड्यांच्या वाड्यात भरली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच.

शिक्षकांसाठी

सातवी-आठवीला क्षेत्रफळ शिकवताना वर्गखोली मोजायला लावा, खिडक्यांचा दशांश काढायला सांगा. घरची खोली मोजून आणायला मात्र सांगू नका. एका खोलीत राहणाऱ्या मुलाला ते सांगणं जड जातं. त्याच्यासाठी शाळेची एखादी खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवता येईल का, ते आपण पाहू.

त्या मुलीच्या वडिलांनी पोती मागच्या पडवीत हलवली. टिनाला चुना लागला, एक खिडकी निघाली. दुसरी पुढच्या वर्षी. शटरच्या आत भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं वेळापत्रक लिहिलंय. त्यात आईचं मशीन आहे, आजोबांची खाट आहे, आणि सात ते नऊच्या समोर तिचं नाव आहे.

तुमच्या घरच्या शटरमागं काय पडलंय, आज एकदा उघडून पाहा.