वेग तोच, बातमी वेगळी

वडिलांची प्रीमियर पद्मिनी खंबाटकीचा घाट चढू लागली की मागच्या सीटवरून मी त्यांच्या हातांकडे बघत बसायची. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. चाकाखाली जे येईल ते थेट तळहातापर्यंत पोचायचं. नजर समोरच्या ट्रकवर ठेवून वडील म्हणायचे, "डावं चाक खडीवर गेलंय." त्यांना ते दिसलेलं नसायचं, हाताला कळलेलं असायचं. रस्त्याची बातमी आधी हाताला येते, मग डोळ्यांना, हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. पुढे जगातल्या अतिवेगवान गाड्यांविषयी वाचायला लागले आणि या वाक्याचा अर्थ नव्याने उलगडला.

आलिशान कूपे आणि सुपरकार यांच्यातला फरक विचारला तर बहुतेक जण वेगावर बोट ठेवतात. दोन खऱ्या गाड्या शेजारी ठेवल्या की हे उत्तर टिकत नाही. 2021ची बेंटली कॉन्टिनेंटल जीटी स्पीड ही आलिशान कूपे ताशी 335 किलोमीटरपर्यंत जाते. 2019ची लॅम्बोर्गिनी हुराकान एव्हो ही सुपरकार, आणि तिचा जाहीर केलेला वेग ताशी 325 किलोमीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे लाकूड आणि चामड्याने सजवलेली, चार जणांची सोय असलेली गाडी इथे मागे पडत नाही. थांबलेल्या अवस्थेतून 100 गाठायला बेंटलीला 3.6 सेकंद लागतात, हुराकानला 2.9. फरक पाऊण सेकंदाचाही नाही. तरी दोन्ही चालवलेला माणूस सांगतो की या वेगळ्या जगातल्या गाड्या आहेत. मग फरक कशात आहे? माझ्या मते तो बातमीत आहे. रस्त्याची किती बातमी चालकापर्यंत येऊ द्यायची, हे दोन्ही कारखान्यांनी वेगवेगळं ठरवलं आणि गाडीचा प्रत्येक भाग त्या निर्णयाप्रमाणे घडवला.

दोन घराणी, एक मालक

1998 साली फोक्सवॅगनने इंग्लंडमधली बेंटली विकत घेतली. त्याच वर्षी तिच्याच समूहातल्या ऑडीने इटलीतली लॅम्बोर्गिनी घेतली. तेव्हापासून या दोन्ही गाड्यांचा हिशेब शेवटी एकाच तिजोरीत जातो. मुळं मात्र पार वेगळी आहेत.

बेंटलीची परंपरा लांबच्या प्रवासाची. मार्च 1930मध्ये कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो याने पैज लावली की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून धावणाऱ्या 'ब्लू ट्रेन'ला आपण बेंटलीतून मागे टाकू. कान शहरातून निघालेला बार्नाटो ती आगगाडी कॅले बंदरात पोचण्याआधी समुद्र ओलांडून लंडनमध्ये हजर होता. 1952 साली आलेल्या आर-टाइप कॉन्टिनेंटलने हाच विचार कूपेच्या रूपात आणला: मागे उतरत जाणारं छप्पर, हलकी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि चार माणसं सामानासकट एका दिवसात देश ओलांडतील एवढी ताकद. अशा फक्त 208 गाड्या झाल्या, पण कॉन्टिनेंटल हे नाव तिथून चालू राहिलं.

लॅम्बोर्गिनीची गोष्ट जास्त विलक्षण आहे, कारण तिची सुरुवातही आलिशान कूपेनेच झाली. ट्रॅक्टर बनवून श्रीमंत झालेल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांना शर्यतीत रस नव्हता. त्यांना सुखकर, निर्दोष चालणारी प्रवासी गाडी हवी होती. 1964ची 350 जीटी तशीच होती, पुढे इंजिन असलेली आणि सभ्य. पण त्यांच्याकडचे तरुण अभियंते जान पाओलो दालारा आणि पाओलो स्तांझानी, आणि चाचणीचालक बॉब वॉलेस यांच्या डोक्यात दुसरंच काही होतं. तिघेही तेव्हा तिशीच्या आतले. शर्यतीच्या गाडीप्रमाणे इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवायचं, तेही आडवं, असा सांगाडा त्यांनी तयार केला. 1965च्या तुरिन प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला तरी गर्दी जमली. पुढच्या वर्षी बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीने त्यावर देह चढवला आणि जिनिव्हात 'मिउरा' लोकांसमोर आली. आज आपण ज्याला सुपरकार म्हणतो तिचा साचा तिथे पडला.

कावडीचं गणित

इंजिन कुठे ठेवलं याने एवढा फरक का पडावा? त्यासाठी कावड आठवावी. दांडीच्या दोन टोकांना पाण्याचे हंडे लटकवून माणूस चालतो, तेव्हा सरळ वाटेवर ती कावड छान समतोल राहते. पण गर्रकन वळायला गेलं की हंडे मागे रेंगाळतात आणि वळून झाल्यावरही फिरत राहतात. तेच दोन हंडे दोन्ही काखांत अंगाशी धरले तर वजन तेवढंच असूनही माणूस चटकन वळतो.

बेंटलीत 6 लिटरचं, 12 सिलिंडरचं अवजड इंजिन पुढे आहे, इंधनाची टाकी मागे आणि दोन्ही आसांमध्ये 2.85 मीटरचं अंतर. ही कावड झाली. म्हणूनच ती महामार्गावर रुळावरून चालल्यासारखी स्थिर वाटते. 2018च्या आसपास आलेल्या या पिढीत अभियंत्यांनी पुढची चाकं आधीच्या मॉडेलपेक्षा 135 मिलिमीटर पुढे सरकवली, म्हणजे इंजिन तुलनेने मधे आलं. हंडे थोडे आत ओढण्याचाच तो प्रयत्न होता.

हुराकानमध्ये 10 सिलिंडरचं इंजिन दोन आसांच्या मधे, चालकाच्या पाठीला जवळजवळ टेकून आहे. वजनाचा 57 टक्के भाग मागच्या चाकांवर येतो. स्टिअरिंग जरा हललं की नाक लगेच वळतं. पण अंगाशी धरलेल्या हंड्यांचा दुसरा गुणही विसरू नये: तोल गेला तर गिरकीही तितक्याच झटकन बसते. कूपे घसरू लागली की सावकाश घसरते आणि सावरायला अवधी देते. सुपरकार तो अवधी कमी देते. म्हणून तिच्या संगणकाचं काम अवघड. चालक काय करू पाहतो याचा अंदाज घेऊन एव्होची यंत्रणा चारही चाकांचं वळणं, ताकद आणि ब्रेक आधीच जुळवून ठेवते.

वजनाचा आकडाही बोलका आहे. बेंटली 2,273 किलोची. हुराकान तेल-पाणी-इंधन न भरता 1,422 किलोची. ते सगळं भरून धरलं तरी दोघींत जवळजवळ एका मारुती 800चा फरक उरतो. हे वजन पळवायला जोर लागतो तसा थांबवायलाही लागतो. म्हणून बेंटलीच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेकची पुढची तबकडी तब्बल 440 मिलिमीटरची आहे, हुराकानची 380. जड गाडीतला चालक ब्रेक दाबतो तेव्हा त्याला फक्त मऊ, ठाम थांबणं जाणवतं. त्यामागे किती ऊर्जा उष्णता होऊन उडाली ते त्याला कळत नाही. बातमी वाटेतच अडवली जाते ती अशी.

मंद्र पंचम आणि तार गांधार

दोन्ही गाड्यांचा स्वभाव सर्वांत स्पष्ट होतो तो इंजिनाच्या ओढीत. बेंटलीचं इंजिन 900 न्यूटन-मीटरचा टॉर्क देतं आणि तो मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच हजर होतो. दोन टर्बो हवा कोंबत असतात. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबला जातो आणि गाडी भरतीच्या पाण्यासारखी पुढे सरते. हुराकानचा टॉर्क 600 न्यूटन-मीटर, आणि तो पुरता मिळवायला इंजिन 6,500 फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं. तिला टर्बो नाही; ती स्वतःच्या श्वासावर धावते. तिच्याकडून काम करून घ्यायचं तर चालकाला मेहनत घ्यावी लागते.

आवाजाचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. 12 सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला 6 स्फोट होतात. महामार्गावर बेंटलीचं इंजिन 2,000 फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला 200 ठोके पडतात. 10 सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला 5 स्फोट. हुराकान 8,000 फेऱ्यांवर गेली की सेकंदाला सुमारे 667 ठोके. पांढरी एकचा षड्ज धरला तर पहिला आकडा मंद्र सप्तकातल्या पंचमाच्या जवळ येतो आणि दुसरा तार सप्तकातल्या गांधाराजवळ. खर्जातला तो घुमारा बेंटली दुहेरी काचांमागे आणखी दूर ठेवते. तार सप्तकातली ती ललकारी हुराकान चालकाच्या मानेमागे सोडते, मधे फक्त एक पडदी.

गिअरबॉक्सचा प्रकार दोन्हींत एकच आहे: ड्युअल-क्लच. एका क्लचवर चालू गिअर, दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार. बेंटली तो बदल लपवते. गिअर कधी पडला ते आकड्यावरूनच समजावं. हुराकानच्या स्टिअरिंगवर 'आनिमा' नावाचं बटण आहे, इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ आत्मा. त्याने 'स्त्रादा' म्हणजे रस्ता, 'स्पोर्त' आणि 'कोर्सा' म्हणजे शर्यत, यांतली वृत्ती निवडायची. कोर्सामध्ये तोच गिअर पाठीला जाणवतो. यंत्र एकाच जातीचं, पण एका ठिकाणी त्याला गप्प राहायला शिकवलंय आणि दुसरीकडे बोलायला.

बसणं, दिसणं, खड्डा

हुराकानची उंची 1,165 मिलिमीटर, सहा वर्षांच्या मुलाएवढी. आत शिरायचं तर आधी वाकायचं, मग घसरायचं. पाय समोर पसरलेले, पाठ रस्त्यापासून वीतभर उंचीवर असल्यासारखी. एवढ्या खालून पाहिलं की ताशी 60चा वेगही दुप्पट वाटतो, कारण रस्त्याची रेघ डोळ्यांजवळून पळते. बेंटलीत माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो. डॅशबोर्डवरचा पडदा बटण दाबताच फिरतो आणि त्याजागी सलग लाकूड येतं. आता मला काही सांगू नका, शांतपणे जाऊ द्या, असं म्हणण्याची ती सोय आहे.

खड्डा मात्र दोघींनाही चुकत नाही. साध्या गाडीत डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक दांडी असते. वळणावर गाडी कलू नये म्हणून ती हवी, पण तिच्यामुळेच एका चाकाला बसलेला दणका दुसऱ्यालाही हलवतो. बेंटलीने 48 व्होल्टची वीज वापरून त्या दांडीत मोटर बसवली. सरळ रस्त्यावर दांडी सैल, म्हणून खड्डा एकाच चाकापुरता राहतो. वळण आलं की ती 0.3 सेकंदात 1,300 न्यूटन-मीटरपर्यंत जोर लावून गाडीला सपाट धरते. सव्वादोन टनांची गाडी वळणावर झुकत नाही हे पाहून थक्क व्हायला होतं. पण गाडीचं झुकणं हीसुद्धा एक बातमी असते. किती वेगाने वळतोय ते पोटाला त्यातूनच कळतं.

आपल्या रस्त्यावर

या दोन्ही गाड्या मुंबईत दिसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी 100ची मर्यादा, घाटात 60ची. दोघींचाही दोन तृतीयांशांहून जास्त वेग इथे कायद्यानेच मिटलेला आहे आणि तो तसाच मिटलेला राहावा. मग विचार असा करावा लागतो: मर्यादेत राहून कोणती गाडी आपला गुण दाखवू शकते?

कूपेचं सुख ताशी 60वरही पूर्ण मिळतं. शांतता, बैठक, खड्डा गिळणं यांना वेगाची अट नाही. सुपरकारचं इंजिन त्या वेगात जेमतेम जागं होतं, तिचा तार गांधार द्रुतगती मार्गावर क्वचितच लागतो, आणि गतिरोधकापुढे तिला नाक उचलायची यंत्रणा वापरावी लागते. तिचा हक्काचा मुलूख म्हणजे ट्रॅक. पण तिच्याकडेही मर्यादेत मिळणारं एक धन आहे: स्टिअरिंगचा चटकन प्रतिसाद, पाठीला टेकलेलं इंजिन, रस्त्याला खेटून बसणं. ताशी 50लाही ती चालकाला कामात गुंतवून ठेवते. मला स्वतःला मुंबईहून गोव्याला रात्रभर जायचं असेल तर मी बेंटलीच मागेन, सकाळी ताजी उतरेन. गाडी चालवणं ही कला आहे हे कुणाला शिकवायचं असेल तर मात्र त्याला हुराकानमध्ये बसवीन, रिकाम्या ट्रॅकवर.

ही जोडी आता इतिहासात गेली. 2024मध्ये बेंटलीने 12 सिलिंडरचं इंजिन बंद केलं. त्याचे एक लाखाहून जास्त नग बेंटलीच्या क्रू गावी जुळवले गेले होते. त्याच वर्षी हुराकानही थांबली. नव्या कॉन्टिनेंटल जीटी स्पीडमध्ये 8 सिलिंडर आणि विजेची मोटर मिळून 782 अश्वशक्ती आहे, वजन 2,459 किलो. हुराकानच्या जागी आलेल्या तेमेरारिओत 8 सिलिंडर, दोन टर्बो, तीन विद्युत मोटरी, 920 अश्वशक्ती आणि 10,000 फेऱ्या. दोन्ही घराण्यांनी एकच औषध घेतलं. वीज शांत असते आणि तत्काळ हजर होते. ती कूपेला सहज मानवेल. सुपरकारला मात्र आता मुद्दाम बोलावं लागेल, आणि मुद्दाम बोलण्यात खरेपणा टिकवणं ही पुढच्या अभियंत्यांची परीक्षा आहे.

म्हणून कुठल्याही गाडीची पारख करताना, ती सव्वातीनशेची असो की आपल्या दारातली, मी एक प्रश्न विचारते: ताशी 40ला ही मला काय सांगते? पद्मिनी तेवढ्या वेगात डाव्या चाकाखालची खडी सांगायची. बेंटली मुद्दाम सांगत नाही, कारण प्रवासाचा शीण आपल्याला होऊ नये असं तिला वाटतं. हुराकान सांगते, कारण तिच्या लेखी आपण प्रवासी नसून चालक असतो. खंबाटकीच्या चढावर वडिलांच्या तळहातात जे थरथरायचं ते नेमकं तेच होतं.