एकच ‘बाइट’, पण भरपेट!

सप्टेंबर १९७५. अमेरिकेत एका नव्याकोऱ्या मासिकाचा पहिला अंक स्टँडवर येतो. किंमत दीड डॉलर. मुखपृष्ठावरचा दावा असा की कॉम्प्युटर हे जगातलं सर्वांत भारी खेळणं आहे! मासिकाचं नाव ‘बाइट’. माहीत आहे का, त्या काळी घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे काय होतं? चला, पानं उलटूया!

तेव्हाचा स्टार होता ‘अल्टेअर ८८००’. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. समोर नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. मेमरी? २५६ बाइट! आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे अल्टेअरच्या अख्ख्या मेमरीत मावतील फक्त ८५ चिन्हं. तुमचा ‘गुड मॉर्निंग’चा फॉरवर्डसुद्धा बसणार नाही!

हे मासिक निघालं कुठून, ओळखा पाहू? सिलिकॉन व्हॅली? चूक! न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो नावाच्या चिमुकल्या गावातून. हे गाव तसं आधीपासूनच फेमस. करातून चालणारं अमेरिकेतलं पहिलं मोफत सार्वजनिक ग्रंथालय इथलंच, १८३३चं. थॉर्नटन वाइल्डरच्या ‘अवर टाउन’ या गाजलेल्या नाटकाची प्रेरणाही हेच गाव.

संस्थापक वेन ग्रीन. हा माणूस पक्का हॅम रेडिओवाला, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाला. त्याच्या आधीच्या मासिकाचं नाव होतं नुसतं ‘७३’! हॅम मंडळींच्या भाषेत ७३ म्हणजे ‘शुभेच्छा’. ‘बाइट’चे संपादक होते कार्ल हेल्मर्स.

आता ड्रामा! थोड्याच काळात ‘बाइट’चा कारभार ग्रीनच्या हातून सुटला आणि गेला त्याच्या पूर्वपत्नीकडे, व्हर्जिनियाकडे. ग्रीन गप्प बसतोय होय? त्याने नवं मासिक काढायचं ठरवलं, नाव ‘किलोबाइट’. एका बाइटला हजार बाइटचं उत्तर! पण ‘बाइट’वाल्यांनी ‘किलोबाइट’ नावाची कार्टून पट्टी छापून त्या नावावर आधीच हक्क सांगितला. शेवटी जानेवारी १९७७मध्ये ग्रीनचं मासिक आलं ते ‘किलोबॉड’ या नावाने.

आणि हे माहीत आहे का, की गाण्यांच्या कॅसेटवर प्रोग्राम साठवायचे? तेव्हा फ्लॉपी ड्राइव्ह परवडायची नाही आणि टेप रेकॉर्डर मात्र घरोघरी. अडचण एकच: प्रत्येक कंपनीची रेकॉर्डिंगची तऱ्हा वेगळी. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या मशीनवर चालायचीच नाही. मग ‘बाइट’ने काय केलं? नुसता अग्रलेख नाही लिहिला. नोव्हेंबर १९७५मध्ये, म्हणजे मासिक जेमतेम तीन महिन्यांचं असताना, त्यांनी सगळ्यांना मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत बोलावलं आणि एका टेबलाशी बसवलं!

तिथून जन्मलं ‘कॅन्सस सिटी स्टँडर्ड’. हिशेब झकास सोपा. ‘०’ म्हणजे १२०० हर्ट्झचा सूर, ‘१’ म्हणजे २४०० हर्ट्झचा. कॅसेट स्पीकरवर लावली तर ऐकू येणार डेटाची किरकिर. स्पीड सेकंदाला साधारण २७ बाइट. ८ केबीचा प्रोग्राम लोड व्हायला पाच मिनिटं. त्याच वेगाने मोबाइलवरचा ३ एमबीचा फोटो उतरवायचा तर? तब्बल ३२ तास! पण पहिल्यांदाच वेगवेगळ्या मेकची मशीन्स एकमेकांच्या कॅसेटी वाचू लागली. वाचकांच्या बाजूने असं मैदानात उतरणारं मासिक मला तरी दुसरं आठवत नाही.

कॅसेट कमी पडली? मे १९७७मध्ये ‘इंटरफेस एज’ या प्रतिस्पर्ध्याने अंकासोबत चक्क लवचिक ग्रामोफोन रेकॉर्ड वाटली. सुई ठेवा, ‘बेसिक’ ही प्रोग्रामिंग भाषा लोड करा! ‘बाइट’नेही पानांवर बारकोडमध्ये प्रोग्राम छापून पाहिले. कागदच झाला डिस्क!

थांबा, नावाचं रेकॉर्ड राहिलं. १९७६चं एक मासिक: ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडोंशिया’. व्यायामही आला, दातांची तारही आली. ‘ओव्हरबाइट’, म्हणजे पुढे आलेले दात, नको म्हणून डेंटिस्टची तयारी! मासिक मात्र खरोखर सॉफ्टवेअरचंच.

मे १९७७च्या ‘बाइट’मध्ये ‘अ‍ॅपल-२’ आतून कसा चालतो, यावर लेख आला. लेखक? स्वतः स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक! मशीन घडवणाराच आतली वायरिंग समजावून सांगतोय. आजच्या कुठल्या फोनच्या बाबतीत असं होईल?

आता मुखपृष्ठं. इथे जरा रेंगाळायलाच हवं, कारण चित्रकार होते रॉबर्ट टिनी. सर्किट बोर्डाच्या रुळांवरून धावणारी रेल्वे यांचीच. एप्रिल १९८१च्या अंकावर त्यांनी रंगवलं मनगटी घड्याळ. त्यात इवलासा स्क्रीन, इवलासा कीबोर्ड आणि बाजूच्या खाचेत शिरणारी इवलीशी फ्लॉपी! ‘अ‍ॅपल वॉच’ बाजारात कधी आलं, माहीत आहे का? एप्रिल २०१५. महिना तोच, फक्त ३४ वर्षं उशिरा!

त्याहून भारी किस्सा फुग्याचा. ऑगस्ट १९७८च्या मुखपृष्ठावर होता प्रोग्रामिंग भाषांचा समुद्र. त्या चित्रात ‘स्मॉलटॉक’ ही भाषा होती दूर एका बेटावर, जगापासून तुटलेली. कारण ती झेरॉक्सच्या प्रयोगशाळेबाहेर फारशी कुणी पाहिलीच नव्हती. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८१ला, ‘बाइट’ने तिच्यावर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर काय? त्या बेटावरून उडालेला रंगीबेरंगी हॉट एअर बलून! तेव्हापासून बलून हीच स्मॉलटॉकची खूण. माझ्या मते कॉम्प्युटरच्या इतिहासातलं हे सर्वोत्तम सीक्वल.

पुढच्याच महिन्यात आणखी एक धमाका. कॉम्प्युटरांची शर्यत लावायला ‘बाइट’ने निवडली एराटोस्थेनिसची चाळणी, म्हणजे मूळ संख्या शोधायची बावीसशे वर्षं जुनी ग्रीक युक्ती. १८९९ मूळ संख्या कोण पटकन शोधतो? ही टेस्ट पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिली.

स्तंभलेखकही एकेक अवलिया. जेरी पूर्नेल विज्ञानकथा लिहायचे आणि आपल्या कॉम्प्युटरला हाक मारायचे ‘ईझिकेल’. स्टीव्ह सिआर्सिया दर महिन्याला एक सर्किट बनवून दाखवायचे. त्यांची आवडती प्रोग्रामिंग लँग्वेज कोणती? सोल्डर, म्हणजे वायरी जोडायचा डाख!

१९७९मध्ये मॅकग्रॉ-हिलने ‘बाइट’ विकत घेतलं. १९८३-८४च्या सुमारास काही अंकांनी ६०० पानांचा टप्पा ओलांडला. महिन्याचं मासिक की टेलिफोन डिरेक्टरी? बरीच जागा जाहिरातींची, पण त्याही तितक्याच चवीने वाचल्या जायच्या.

जुलै १९९८चा अंक शेवटचा छापील अंक ठरला. मासिक सीएमपी मीडियाला विकलं गेलं आणि छपाई थांबली. २३ वर्षांचा प्रवास असा अचानक बंद करायला नको होता, हे ठामपणे सांगते.

पण गुड न्यूज! जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. सुरुवात बलूनवाल्या अंकापासून करा, आणि जाहिराती अजिबात सोडू नका.