मोटारीचे चाक बदलताना

आपल्या न्यासाच्या पुष्कळ सभासदांच्या घरी आता मोटार आली आहे, आणि सुट्टी लागली की महेश्वर, ओंकारेश्वर किंवा बऱ्हाणपूरला सहकुटुंब जाण्याचा बेत ठरतो. इंदूरहून दक्षिणेकडचा कोणताही रस्ता घ्या, विंध्याचा घाट उतरल्याखेरीज नर्मदा दिसत नाही. नेमके अशा वाटेवर पंक्चर होते. चाक काढून दुसरे चढविणे हे काम दिसावयास सोपे. पण त्यात माणूस दगावू शकतो, हे फारसे कोणी मनावर घेत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

जॅकचे काम मोटार उचलण्याचे. ती धरून ठेवण्याचे नव्हे. गाडीबरोबर मिळणारा जॅक बहुधा स्क्रूचा असतो. दांडा पुष्कळ फिरवावा, तेव्हा गाडी जराशी वर येते, आणि त्या मोबदल्यात थोड्या जोराने मोठा भार उचलला जातो. परंतु तो सारा भार तळहाताएवढ्या बैठकीवर उभा असतो व आडवा धक्का सोसण्याची शक्ती तीत नसल्यासारखीच असते. तेलाच्या जॅकचे आतले रबर झिजले असेल, तर तो नकळत खाली बसू लागतो. म्हणून गाडी जॅकवर असताना हात, पाय किंवा डोके तिच्याखाली मुळीच घालू नये. नट घरंगळून खाली गेला, तर तो पान्याने ओढून घ्यावा.

आपल्या माळव्यात आणखी एक अडचण आहे, ती काळ्या मातीची. पावसाळ्यात रस्त्याची कड वरून घट्ट दिसते आणि आत लोण्यासारखी असते. थोडे गणित करून पाहू. जॅकची बैठक दहा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद, आणि तीवर चारशे किलो भार आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर चार किलो पडतात. तोच जॅक तीस सेंटिमीटर लांबरुंद जाड फळीवर ठेवला, तर अर्ध्या किलोहूनही कमी. सुताराकडे अशी फळी सहज मिळते. ती डिकीत कायमची असावी. वीट मात्र ठेवू नये, ती भाराखाली अचानक फुटते.

घाटात पंक्चर झाले तर उतारावर गाडी उचलू नये. सपाट जागा येईपर्यंत बसलेल्या चाकावर सावकाश जावे. टायर वाया गेला तरी चालेल. मग धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा आणि मुलाबाळांसह सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. आजीबाईंना उतरण्याचा त्रास नको, म्हणून त्यांना आत बसवून गाडी उचलणारे लोक आम्ही पाहिले आहेत; ही माया चुकीची आहे.

‘गाडी गिअरमध्ये आहे, मग हलेल कशी?’ असे कित्येक विचारतात. गिअरची पकड इंजिनाने फिरणाऱ्या दोन चाकांपर्यंत डिफरन्शियलमधून पोहोचते. त्यांपैकी एक चाक अधांतरी झाले, की ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे पुढे सरकते. गिअर जागच्या जागी राहतो व गाडी चालू लागते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो. पण काही जुन्या जिपांत तो मागे जाणाऱ्या दांड्यावर असे, त्यामुळे मागचे एक चाक उचलले की तोही निकामी. तेव्हा गिअर व हँडब्रेक दोन्ही लावून, शिवाय उचलावयाच्या चाकाच्या कर्णातील चाकाला मागेपुढे मोठे दगड लावावेत.

नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. घट्ट नटावर पान्याने जोर करण्याची वेळ गाडी उचलल्यावर आली, तर तोच आडवा धक्का बसतो. जॅक गाडीच्या पुस्तकात दाखविलेल्या खाचेतच लावावा. नवे चाक बसल्यावर नट समोरासमोर या क्रमाने हाताने आवळावेत, गाडी उतरवून मग पक्के करावेत आणि सुमारे पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत.

स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ मध्ये तेथे जादा चाकाचा धंदा निघाला होता. या स्टेपनीचा दुसराही उपयोग आहे. काम चालू असता ती जॅकशेजारी गाडीखाली आडवी सरकवावी. जॅक निसटला, तरी गाडी तिच्यावर अडते. ती चढविताना काढलेले चाक तिच्या जागी सरकवावे.

रस्त्यावरील पंक्चरवाल्याचा कोवळा पोर आपल्या घाईखातर जॅकवरच्या गाडीखाली शिरतो, तेव्हा आपण घड्याळ पाहत उभे असतो. त्याला बाहेर बोलवावे. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून ओंकारेश्वर काही हलत नाही.

२०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीची सामग्री असेल, तर लहान मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे आपल्या गाडीत ती आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे. त्या सामग्रीने खिळ्याचे भोक बुजते. कडेला फाटलेल्या टायरला ती उपयोगी पडत नाही, तेथे गाडी उचलून नेणाऱ्यासच बोलवावे लागते.