गीताचे पाठभेद आणि चाहत्याचे कार्य

लोकप्रिय पाश्चात्त्य संगीताचा चाहता हा निव्वळ ग्राहक होय, पुढ्यात जे ठेवले जाईल ते तो निमूटपणे ऐकतो, अशी समजूत विद्वद्वर्गात दीर्घकाळ रूढ आहे. थेओडोर अडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने १९३८ साली श्रवणशक्तीच्या अधोगतीवर निबंध लिहिला, तेव्हापासून या समजुतीस तात्त्विक आधारही लाभला. परंतु आजच्या एखाद्या निष्ठावंत चाहत्याचा एक महिना डोळ्यांपुढे आणला, तर हे वर्णन अपुरे वाटू लागते. त्या महिन्यात तो एकदोन जलशांना जातो. नव्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतील आवडत्यांची यादी करतो. आणि उरल्या वेळात एखाद्या गीताचे घटक सुटे करून, ते घरच्या संगणकावर निराळ्या रीतीने जुळवून त्याचे ‘रिमिक्स’, म्हणजे पुनर्मिश्रण, तयार करतो. ही तीन कामे वरवर पाहता भिन्न आहेत. वस्तुतः तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : एकाच गीताची अनेक रूपे उपलब्ध असता खरे गीत कोणते मानावयाचे? ग्रंथसंपादनात ज्यास पाठभेदाचा प्रश्न म्हणतात, त्याचेच हे एक रूप होय. चाहता हा प्रश्न कसा हाताळतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. पुनर्मिश्रणाचा उगम

गायक व वादक एकत्र बसून एकाच वेळी मुद्रित होत, तोवर गायन आणि मुद्रण यांत फारकत नव्हती. अनेक पट्ट्यांची फीत प्रचारात आल्यावर कंठ, तालवाद्ये, गिटार यांची नोंद निरनिराळ्या पट्ट्यांवर करून त्यांचे परस्परप्रमाण मागाहून ठरविता येऊ लागले. या शेवटच्या क्रियेस मिश्रण म्हणतात. बीटल्स यांचा ‘सार्जंट पेपर्स’ हा १९६७ मधील संग्रह चार पट्ट्यांच्या यंत्रांवर सिद्ध झाला. पट्टे सुटे राहिले की बाजारात आलेले मिश्रण हा अनेक संभाव्य निर्णयांपैकी केवळ एक निर्णय ठरतो.

या शक्यतेचा पद्धतशीर उपयोग जमैकातील किंग्स्टन शहरी झालेला दिसतो. तेथे उघड्यावरील नृत्यसमारंभांत मोठमोठे ध्वनिवर्धक लावून तबकड्या वाजविल्या जात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गायकाचा आवाज वगळलेले, केवळ वाद्यांचे रूप लोकांना विशेष रुचते असे आढळून आले. किंग टबी या विद्युत्-उपकरणांच्या कारागिराने त्यापुढचे पाऊल टाकले. एखादे वाद्य मध्येच लुप्त करावे, कंठाचा एखादाच शब्द ठेवून त्यास प्रतिध्वनी द्यावा, अशा रीतीने त्याने मिश्रणाच्या यंत्रालाच वाद्याची योग्यता दिली. या प्रकारास ‘डब’ असे नाव आहे.

न्यूयॉर्कमधील कारण निराळे होते. तीन मिनिटांचे गीत नर्तक रंगात येतात न येतात तोच संपे. टॉम मोल्टन याने १९७० नंतरच्या काही वर्षांत गीतातील तालाचा भाग वाढवून दीर्घ मिश्रणे सिद्ध केली. सात इंची तबकडीवर दीर्घ गीत बसवावयाचे तर खाचा दाटीने पाडाव्या लागतात व आवाज क्षीण होतो. बारा इंची तबकडीवर खाचा ऐसपैस बसतात व मंद्र स्वर भरदार उमटतात. ‘टेन पर्सेंट’ या गीताचे वॉल्टर गिबन्सकृत, नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे मिश्रण १९७६ साली अशा तबकडीवर सर्वसाधारण विक्रीस आले. आता गीताचा दुसरा पाठ ग्राहकाच्या हाती पडला.

तरीही सुटे पट्टे व्यावसायिकांपाशीच होते. ही मर्यादा संगणकाने दूर केली. नाइन इंच नेल्स या अमेरिकन वृंदाने २००५ साली आपल्या एका गीताचे सर्व घटक चाहत्यांना मोकळे करून दिले. रेडिओहेड या इंग्लिश वृंदाने २००८ साली ‘न्यूड’ या गीताचे पाच घटक विक्रीस ठेवले व पुनर्मिश्रणे मागविली. श्रोत्याच्या हाती पूर्ण गीताबरोबर त्याची सामग्रीही आली.

२. जलसा आणि त्याची प्रत

जलशात गीत दरवेळी नव्याने घडते. याची सर्वांत काटेकोर दखल चाहत्यांनीच घेतली आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन वृंदाचे श्रोते जलसे फितीवर उतरवून घेत. १९८४ पासून वृंदाने त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. फितींची अदलाबदल करावी, विक्री करू नये, असा संकेत होता. प्रत्येक फितीवर तारीख, स्थळ, गीतांचा क्रम, मुद्रण श्रोत्यांतून केले की ध्वनियंत्रातून, आणि ही प्रत मूळ मुद्रणापासून कितव्या पिढीची, याची नोंद असे. हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्या संपादकास ही पद्धत परकी वाटणार नाही.

मात्र हेतूत भेद आहे. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ध्येय उपलब्ध पोथ्यांच्या आधारे शक्य तितक्या प्राचीन पाठापर्यंत पोहोचणे, हे होते. चाहत्यास आदिपाठ नको असतो. अमुक रात्री गीत कसे उतरले, हे त्याला तुलनेने पाहावयाचे असते. या तुलनेतून झालेला निर्णय कधी कधी प्रमाणभूतही ठरतो. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या जलशाचे मुद्रण वृंदाच्याच एका ध्वनिमुद्रिकेने केले होते. परंतु त्याची कीर्ती झाली ती चाहत्यांत फिरणाऱ्या प्रतींमुळे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०११ च्या निवडीत त्याचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत समावेश केला. तोवर ते अधिकृतपणे बाजारात आलेच नव्हते; ते प्रसिद्ध झाले २०१७ साली.

३. यादी आणि कोष्टक

आवडत्या ध्वनिमुद्रिकांची यादी आणि बिलबोर्डसारख्या नियतकालिकाचे कोष्टक यांत गल्लत होऊ नये. कोष्टक मोजते, यादी निवडते. मोजण्यासाठी पाठभेद पुसावे लागतात. २००८ साली नाइन इंच नेल्स यांनी ‘घोस्ट्स’ हा वाद्यसंगीताचा संग्रह अशा परवान्याखाली काढला, की श्रेय देऊन, द्रव्यलाभाचा हेतू न ठेवता, त्याच अटींवर कोणीही त्याचे रूपांतर करावे. यंगकिओ या डच तरुणाने त्यातील बँजोचा तुकडा घेऊन एक तालबंध रचला. तो लिल नॅस एक्स याने तीस डॉलरांना घेतला व त्यावर ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत २०१८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले. पुढे मूळ संग्रहाच्या कर्त्यांची नावे सहकर्ते म्हणून गीतास जोडली गेली. एप्रिल २०१९ मध्ये बिली रे सायरस यांच्या आवाजाची भर घातलेले पुनर्मिश्रण आले, त्यामागून आणखीही आली. बिलबोर्डने सर्वांची गणना एकत्र केली आणि गीत मुख्य कोष्टकात १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. हा त्या वेळचा उच्चांक होता. कोष्टकाच्या दृष्टीने हे एक गीत. यादी करणारा चाहता मात्र यांपैकी कोणता पाठ आपणास प्रिय, हे आवर्जून नोंदवितो. इतिहासकाराला पुढे उपयोगी पडणारी नोंद ही दुसरी होय.

४. अधिकाराचा प्रश्न

येथवरची उदाहरणे कर्त्याच्या औदार्यावर किंवा मागाहून मिळालेल्या संमतीवर उभी आहेत. ती नसेल तर काय होते, हे २००४ साली दिसले. डेंजर माउस याने जे-झी यांचा कंठ व बीटल्स यांचे १९६८ चे मुद्रण यांची सांगड घालून ‘ग्रे अल्बम’ रचला. ईएमआय कंपनीने वितरण थांबविण्याची सूचना दिली. त्याच्या निषेधार्थ २४ फेब्रुवारी रोजी अनेकांनी तो विनामूल्य उपलब्ध करून दिला.

आपल्याकडे ‘रिमिक्स’ हा शब्द निराळ्याच वस्तूस चिकटला, याचेही कारण कायदाच आहे. ‘समाधी’ या १९७२ मधील चित्रपटातील, लता मंगेशकरांनी गायिलेल्या ‘काँटा लगा’ या गीताचे २००२ साली गाजलेले रिमिक्स नव्या आवाजात गायिलेले होते. मूळ मुद्रण वापरण्यास त्याच्या मालकाची संमती हवी. उलट ठराविक मुदतीनंतर, सूचना व मानधन देऊन, गीत नव्याने गाऊन मुद्रित करण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये होती. म्हणून मुंबईत पुनर्मिश्रणाऐवजी पुनर्गायन फोफावले. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा कलम ३१-ग मध्ये नेली, मुदत पाच वर्षांची केली आणि तांत्रिक निकडीवाचून मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई केली. मूळ मुद्रणाचे पट्टे उलगडून ते नव्याने जुळविणाऱ्या पुण्यामुंबईच्या चाहत्यास या कलमाचा काहीच उपयोग नाही. स्वतःपुरते त्याने काही केले तर गोष्ट निराळी. ते प्रसिद्ध करावयाचे तर मुद्रणाचा मालक, संगीतकार व गीतकार या सर्वांची संमती त्याला मिळवावी लागते.

परिणाम असा, की ज्या पाठांतून गीताचे ग्रहण कसे झाले हे कळावयाचे, तेच पाठ बहुधा अनधिकृत असतात. म्हणून ते ग्रंथालयात येत नाहीत आणि एखाद्या नोटिशीसरशी नाहीसे होतात. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दोन पथ्ये पाळावीत. गीताचा उल्लेख करताना कोणत्या पाठाविषयी आपण बोलत आहोत, त्याचे वर्ष, मिश्रण व लांबी काय, हे नेमके नमूद करावे. आणि चाहत्यांनी ठेवलेल्या याद्या, फितींवरील नोंदी व पुनर्मिश्रणे यांना छंद म्हणून बाजूस न सारता मूळ साधनांत त्यांची गणना करावी. ही साधने राखावयाची तर संशोधनसंस्थांना प्रती जतन करण्याचा स्पष्ट अधिकार असला पाहिजे. तो मागण्याचे काम विद्यापीठांचे आहे.