चाळिशीत निवृत्ती : पंचवीस पटींचा हिशेब

हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ‘फायर’ची चर्चा कानावर येते. पगाराचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग शिल्लक टाकायचा, तो इंडेक्स फंडात गुंतवायचा आणि चाळिशीतच नोकरीला रामराम ठोकायचा, असा हा बेत. कल्पना तशी जुनी. जो डोमिंग्वेझ यांनी १९६९ साली, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, वॉल स्ट्रीटची नोकरी सोडली. व्हिकी रॉबिन यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ हे पुस्तक १९९२ साली आले.

हिशेब सोपा आहे. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमवायची आणि पहिल्या वर्षी तिच्यातले ४ टक्के काढायचे. पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरून आम्ही आकडेमोड केली. हाती येणाऱ्या पगारातले २५ टक्के शिल्लक टाकणाऱ्याला ३२ वर्षे लागतात, ५० टक्केवाल्याला १७ आणि ७५ टक्केवाल्याला अवघी ७! खर्च घटला की शिल्लक वाढते, शिवाय लागणारी पुंजीही घटते, असा हा दुहेरी फायदा. (मंडळाची वर्गणी मात्र कापायच्या यादीत घालू नये, ही नम्र विनंती!)

पण हा ४ टक्क्यांचा नियम विल्यम बेंगन यांनी १९९४ साली मांडला, तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. चाळिशीत थांबणाऱ्याला ५० वर्षे काढायची असतात. साडेतीन टक्केच काढायचे म्हटले, तर पुंजी सुमारे २९ पट लागते.

काटकसर आपल्या घरांना कोणी शिकवायला नको. अडचण आहे ती खर्चाच्या वहीत न लिहिलेल्या रकान्यांची. आई-वडिलांचे औषधपाणी, भाचीचे लग्न, मध्यरात्री फोन आल्यावर मिळेल त्या भावाने काढलेले विमानाचे तिकीट. आमच्या मते हे खर्च कापायचे नसतात, पण धरायचे नक्की असतात. भारतवारी आणि घरची मदत मिळून वर्षाला ६ हजार डॉलर होत असतील, तर तेवढ्यासाठीच दीड लाख डॉलरची पुंजी हवी.

एच-वन व्हिसावर असलेल्यांना तर इथे राहून निवृत्त होताच येत नाही. नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. ग्रीन कार्ड असले, तरी मेडिकेअर ६५व्या वर्षी. तोवर आरोग्यविम्याचा हप्ता आपल्याच खिशातून.

आणखी एक बाब सहसा कोणी बोलत नाही. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला चारच मिळतात. भारताशी तसा करार नसल्याने तिकडची नोकरी यात धरली जात नाही. पस्तिशीत इथे येऊन चाळिशीत थांबणाऱ्याच्या नावावर जेमतेम २० जमतात. मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळायलाही स्वतःची किंवा जोडीदाराची ४० क्रेडिट लागतात. राजीनाम्याचा मसुदा करण्याआधी सोशल सिक्युरिटीच्या पत्रकावरचा आपला आकडा पाहून घ्यावा.