खडकाळ वाटेवर सायकल चालवताना: बूट आणि पेडल कसे निवडावे?

पावसाळा सुरू झाला की भुशी धरण, टायगर पॉइंट आणि राजमाचीच्या कच्च्या वाटेकडे माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढते. या भागातला खडक काळा कातळ आहे. त्यावर शेवाळ धरले की तो साबणासारखा निसरडा होतो. सुटे दगड, चिखल आणि वाटेवरून वाहणारे पाणी हे वेगळेच. वेगात पडल्यावरच इजा होते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात चाक दगडाला अडून सायकल जागच्या जागी थांबते, पाय वेळेवर खाली टेकत नाही आणि माणूस बाजूला कोसळतो, असेही बऱ्याचदा घडते. म्हणून बूट आणि पेडल निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: अडचणीच्या क्षणी माझा पाय सुटेल का, आणि सुटल्यावर तो ओल्या कातळावर टिकेल का?

क्लिपलेस पेडल म्हणजे काय?

जुन्या पेडलना पुढे पिंजरा आणि पट्टा असे. त्याला क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून नव्या पेडलना क्लिपलेस हे नाव पडले. नावावरून पाय मोकळा राहतो असे वाटेल, पण तसे नाही. बुटाच्या तळाला बसवलेली धातूची क्लीट पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाजूला वळवली की सुटते. चढावर आणि खडबडीत उतारावर पाय पेडलवरून उडत नाही, हा याचा फायदा. टाच वळवण्याची सवय अंगात मुरेपर्यंत पाय अडकून पडण्याचा धोका राहतो, हा तोटा.

दुसरा पर्याय सपाट पेडलचा. त्यावर छोट्या पिना असतात आणि मऊ, चिकट रबराच्या तळाचा बूट त्यांना धरून ठेवतो. पाय केव्हाही काढता येतो. मात्र पाय घसरला तर त्याच पिना नडगी सोलून काढतात, म्हणून नडगीवर पॅड घाला.

तुमच्यासाठी कोणते?

- खडकाळ वाटेवर नवीन असाल, तोल सांभाळताना भीती वाटत असेल किंवा घोटा पूर्वी मुरगळला असेल, तर सपाट पेडलने सुरुवात करा.
- क्लिपलेस घ्यायचे असेल तर दोन स्क्रूंची, तळात खोल बसणारी क्लीट घ्या. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलची मोठी क्लीट बाहेर आलेली असते. ती घालून कातळावर चालणे धोक्याचे आहे.
- शिमानोच्या एसपीडी प्रकारात एसएच ५१ ही क्लीट टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच ५६ ही वर ओढल्यावरही सुटू शकते. शिकताना दुसरी सोयीची, पण जोराने पाय वर खेचल्यास ती नको तेव्हाही सुटू शकते.
- पेडलच्या स्प्रिंगचा ताण सुरुवातीला सर्वांत कमी ठेवा.
- पहिले काही दिवस गवतावर, भिंतीला धरून दोन्ही पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करा. थांबण्याच्या आधी पाय सोडवायचा, थांबल्यावर नाही.
- चिखल भरल्यावर क्लीट नीट अडकत किंवा सुटत नाही. वाटेत काडीने साफ करत राहा.

बूट घेताना

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सायकल चालवताना घालता तेच मोजे घाला. पुढे बोटे हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. तळ मधे ताठ हवा, म्हणजे दगडांचे हादरे पायाला कमी बसतात. बोटांजवळ तो थोडा वाकला पाहिजे, कारण या वाटांवर सायकल उचलून चालावे लागतेच. तळाला खोल रबरी खाचा आणि बोटांपुढे कडक आवरण असावे. पाणी आत शिरणारच, म्हणून ते लवकर निघून जाईल आणि लवकर वाळेल असा बूट निवडा.

गुडघा दुखू लागला तर

क्लीट चवड्याच्या खाली किंवा किंचित मागे बसवा. तिचा कोन तुमच्या चालण्यातल्या पायाच्या नैसर्गिक कोनाशी जुळला पाहिजे. पाय जबरदस्तीने आत किंवा बाहेर वळलेला राहिला, तर गुडघ्याच्या कडेला दुखू लागते. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट फार खाली आहे का ते पाहा. बोटांना मुंग्या येत असतील तर बूट अरुंद आहे किंवा पट्टे फार आवळले आहेत.

मधुमेह असेल तर

पायाची संवेदना कमी झालेल्यांना बूट चावल्याचे कळत नाही. घट्ट बूट टाळा आणि घरी आल्यावर तळवे व बोटांमधली जागा उजेडात तपासा. तळवे दिसत नसतील तर घरच्यांची मदत घ्या. पाय कोरडे करा, ओले मोजे लगेच बदला. नाहीतर बोटांमध्ये बुरशीचा संसर्ग होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे लागतो.
- हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर दुर्लक्ष करू नका. तिथल्या छोट्या हाडाचा मोड पहिल्या एक्स-रेत न दिसण्याची शक्यता असते. सुमारे दोन आठवड्यांनी तो पुन्हा काढावा लागू शकतो.
- जखम झाल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते डॉक्टरांना सांगा.
- चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात जखम भिजली असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर त्याच दिवशी दाखवा. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.
- डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळल्यासारखे होत असेल तर थेट रुग्णालयात न्या.

वाहत्या पाण्याबाबत

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरात पाऊस झाला की ओढ्याची पातळी काही मिनिटांत वाढते. ओढा आला की दोन्ही पाय पेडलमधून सोडवा आणि उतरा. पाणी जोरात असेल, तळ दिसत नसेल तर मागे फिरा. कोणताही बूट अशा पाण्यात पाय रोवून ठेवू शकत नाही.