घडीतली चांदणी

बोटांची शाळा : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण मातीकाम पाहिलं. या आठवड्यात कागद. आजचा लेख मुस्लिम घरांतल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी, मकतबात शिकवणाऱ्या आपांसाठी आणि ज्यांच्या वर्गात अशी मुलं येतात त्या अंगणवाडी-बालवाडीच्या ताईंसाठी आहे.

रमजान जवळ आला की मोबाइलवर ठरावीक चित्रं फिरायला लागतात. चंद्रकोर, तिच्या पोटात चांदणी, खाली दोन मिनार. प्रिंट काढायची, मुलाच्या हातात खडू द्यायचे, रेषेबाहेर जाऊ नको म्हणून बजावायचं आणि रंगवून झालं की भिंतीला चिकटवायचं. मूल अर्धा तास एका जागी बसतं, हे खरं. पण त्या अर्ध्या तासात त्याला नवं काय कळलं?

माझं म्हणणं एवढंच आहे : मुलाला स्वतःच्या हातानं काहीतरी सापडलं, तरच ती हस्तकला शिकण्याची. मुस्लिम घरातल्या मुलाजवळ तर सापडण्यासारखं खूप आहे. त्याचं कॅलेंडर आभाळ बघून ठरतं, त्याच्या लिपीत एका नुक्त्यानं, म्हणजे ठिपक्यानं, अक्षर बदलतं आणि त्याच्या वारशातल्या जाळ्या-कमानी भूमितीवर उभ्या आहेत. हे सगळं सोडून त्याला छापील रेघांत रंग भरायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून आज चार कृती देते. चारही घरच्या सामानात होतात.

चंद्राची वही (पाच वर्षांपासून)

एका मोठ्या कार्डशीटवर सहा ओळी आणि पाच रकाने आखा. तीस चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीत गडद निळा किंवा काळा कागद चिकटवा. महिन्याचा पहिला चांद दिसला की त्या संध्याकाळपासून रोज मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, मुलानं गच्चीवर किंवा अंगणात जायचं, चंद्र बघायचा, घरात येऊन पांढऱ्या कागदातून तसाच आकार कापायचा आणि त्या दिवसाच्या चौकटीत लावायचा. ढग असतील तर चौकट रिकामी ठेवायची. अंदाजानं भरायची नाही. ‘दिसलं नाही’ ही सुद्धा नोंदच आहे, हे मुलाला या वयात कळू द्या.

पहिल्या आठवड्यातच त्याला काही गोष्टी सापडतील. पहिली कोर पश्चिमेला, सूर्य जिथे बुडाला त्याच बाजूला दिसते आणि थोड्याच वेळात मावळते. कोरीची फुगीर कड सूर्याकडे असते आणि टोकं त्याच्या उलट दिशेला. सातव्या-आठव्या संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर आलेला असतो. चौदाव्याच्या आसपास तो पूर्ण होतो आणि सूर्य बुडताना पूर्वेकडून वर येतो. त्यानंतर तो रोज उशिरा उगवतो, म्हणून मगरिबनंतर दिसेनासा होतो. मग मुलाला सहरीच्या, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, वेळी उठवा. मोठ्यांबरोबर सहरीला उठायची त्याला हौस असतेच. तेव्हा उरलेला चंद्र आभाळात असतो आणि रोज बारीक होत जातो.

आता ते छापील चित्र त्याच्यासमोर धरा आणि विचारा, चांदणी कोरीच्या पोटात बसेल का? कोरीच्या पोटातला अंधार म्हणजे चंद्राचाच उजेड न पडलेला भाग. त्याच्या आरपार चांदणी दिसायची नाही. ती कोरीच्या बाहेर, बाजूला दिसू शकते. झेंड्यावरची किंवा शोभेची खूण वेगळी आणि आभाळ वेगळं, हा फरक त्यानं स्वतः बघून सांगितला तर ती त्याच्या आयुष्यातली पहिली शास्त्रीय नोंद समजा.

महिना संपताना वहीचा खरा उपयोग कळतो. एकोणतिसावा रोजा सुटला की सगळे पश्चिमेकडे बघतात. चांद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तीस पूर्ण करायचे. ईदची तारीख आधी का सांगता येत नाही, हे मुलाला त्याच्या शेवटच्या चौकटीवरून कळतं. थोड्या मोठ्या मुलांना पुढचं सांगा : महिना २९ किंवा ३० दिवसांचा, म्हणून हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान आहे. त्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० या एकाच वर्षात तो दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. उन्हाळ्यातले लांबलचक रोजे कसे गेले, हे दादी-नानीला विचारायला मुलाला पाठवा. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असतील तर हीच वही सगळ्यांना द्या. पंचांगातल्या बीजेची कोर आणि चांदरातीची कोर एकच, हे मुलं आपोआप बोलून दाखवतात.

एक कश्ती, चार अक्षरं (चार वर्षांपासून)

उर्दू शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ती बे, पे, ते, से ही अक्षरं, कारण अंग सगळ्यांचं सारखंच, उथळ होडीसारखं. फरक फक्त नुक्त्यांचा. हा गोंधळ पाटीवर गिरवून जात नाही, हातात घेतला की जातो.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून वीतभर लांबीची एक कश्ती कापा. नुक्त्यांसाठी मसूरडाळ किंवा जुनी बटणं द्या. खाली एक नुक्ता ठेवला की बे, खाली तीन ठेवले की पे, वर दोन ते, वर तीन से. तुम्ही अक्षर म्हणा, मुलाला नुक्ते हलवू द्या. मग उलटं करा : त्यानं नुक्ते मांडायचे आणि तुम्ही ओळखायचं. मुद्दाम एखाद्या वेळी चुका. मूल ती चूक बरोबर पकडतं. जे मूल मकतबात कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, वाचतं त्याला आणखी एक गोष्ट विचारता येते : यातलं कुठलं अक्षर अरबीत नाही? पे नाही, हे त्यानं शोधायचं.

यापुढची पायरी सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी. आइस्क्रीमच्या चपट्या काडीचं टोक तिरकं कापा आणि शाईत बुडवून कागदावर टेकवा. ठसा गोल येत नाही, तिरक्या चौकोनाचा येतो. बोरूनं काढलेला नुक्ता असाच असतो आणि खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारे कलावंत, अक्षरं मोजतात ती या नुक्त्यानं. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. अक्षरांची प्रमाणं नुक्ता, अलिफ आणि वर्तुळ यांच्या आधारे बांधण्याची पद्धत त्याच्या नावानं ओळखली जाते. मुलाला त्याच काडीनं एक उभा अलिफ काढू द्या आणि त्याच्या शेजारी टोकाला टोक लावून नुक्त्यांची उतरंड मांडू द्या. आपला अलिफ किती नुक्त्यांचा झाला ते त्यानं मोजायचं. दुसरा अलिफ तेवढाच यायला हवा. अक्षर सुंदर येण्यामागे मोजमाप असतं, हे इथे कळतं.

दोन चौकोन, आठ टोकं (सहा वर्षांपासून)

ही कृती सावकाश करा. पतंगाच्या कागदाचे दोन सारखे चौरस घ्या, एक लाल आणि एक पिवळा. पट्टी नको, पेन्सिलही नको. प्रत्येक चौरस आधी कोपऱ्याला कोपरा लावून दोन्हीकडून दुमडायचा, मग कडेला कड लावून दोन्हीकडून. दर वेळी घडीवरून नख फिरवायचं आणि कागद उघडायचा. उघडल्यावर मधोमध एका बिंदूतून आठ रेघा फुटलेल्या दिसतात. हा मध्य मुलानं न मोजता शोधला, हे त्याला मुद्दाम सांगा.

आता पिवळा चौरस खाली ठेवा आणि लाल वर. दोन्हींच्या मध्यातून एक टाचणी मोठ्यांनी टोचून धरावी. मुलानं वरचा कागद हळूहळू फिरवायचा. वरच्या कागदाची कोपऱ्याकडे जाणारी घडी खालच्या कागदाच्या कडेकडे जाणाऱ्या घडीवर अचूक बसली की थांबायचं. थोडी खळ लावून चिकटवा. आठ टोकांची चांदणी तयार झाली. ती खिडकीच्या काचेवर धरा. दोन्ही कागद जिथे एकमेकांवर आलेत तिथे नारिंगी रंग दिसतो. त्याच्या बाजू मुलाला मोजायला सांगा. आठ भरतील आणि आठही सारख्या. सभोवतीचे आठ त्रिकोणही सारखे आहेत का, हे एक त्रिकोण दुसऱ्या कागदावर गिरवून, कापून, प्रत्येकावर ठेवून बघू द्या.

चार मुलं असतील तर आणखी बहार येते. चार चांदण्या दोन-दोनच्या दोन ओळींत, आडव्या आणि उभ्या टोकाला टोक भिडवून मांडा. मधली रिकामी जागा बघा. तिथे कुणीही न कापलेली, टोकदार हातांची एक फुली तयार झालेली असते. इराणमधल्या काशान शहरातल्या तेराव्या शतकातल्या प्रसिद्ध फरश्यांची रचना हीच आहे, एक चांदणीची फरशी आणि एक फुलीची. काढलेल्या आकाराइतकाच सोडलेल्या जागेलाही आकार असतो, हे चित्रकलेच्या मोठ्या वर्गात शिकवतात. इथे ते सहा वर्षांच्या मुलाला जमिनीवर बसून दिसतं.

याच दोन चौकोनांवर आपल्या शेजारचा एक प्रचंड घुमट उभा आहे. सोलापूरहून विजापूर जवळ. तिथला गोलघुमट म्हणजे सुलतान मुहम्मद आदिलशाहाची कबर, सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली. खालची इमारत चौकोनी आणि वरचा घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा कसा, हा बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न होता. त्यांनी एकमेकांत गुंतलेल्या कमानी अशा टाकल्या की त्यांच्या आखणीत दोन चौकोन, एक सरळ आणि एक फिरवलेला, एकमेकांवर येतात. मधे अष्टकोन मिळतो, अष्टकोन गोलाच्या जवळचा, आणि त्यावर सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट बसतो. आत उभं राहून वर बघितलं की कमानींची ती चांदणी दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात बेगमेच्या कबरीभोवतीची संगमरवरी जाळीही अष्टकोनी आहे. सहलीला गेलात तर मुलानं केलेली चांदणी बरोबर न्या. गाइडनं सांगायच्या आधी मूलच बोट दाखवेल.

रद्दीचा कागद (सहा वर्षांपासून, मोठ्यांसह)

दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. हातकागद हीच या गावाची ओळख आणि ही परंपरा थेट महंमद तुघलकाच्या काळापर्यंत नेली जाते. तिथलं मूळ तंत्र घरी छोट्या प्रमाणात करता येतं.

वर्तमानपत्राचे बारीक तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी भरपूर पाण्यात मोठ्यांनी मिक्सरमधून फिरवा. तो लगदा टबातल्या पाण्यात सोडा. भरतकामाच्या रिंगवर मच्छरदाणीचं कापड ताणून बसवा, म्हणजे चाळणी झाली. मुलानं ती पाण्यात तिरकी घालायची, आडवी करायची आणि सपाट धरून वर उचलायची. पाणी गळून जातं आणि तंतूंचा थर वर राहतो. तो जुन्या सुती कापडावर उलटा टाकून स्पंजनं दाबा आणि सावलीत वाळवा. लगद्यात कांद्याची सालं किंवा झेंडूच्या पाकळ्या घातल्या तर कागदाला ठिपके येतात. पहिला कागद जाड आणि वेडावाकडा होतो. चालेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात सपाट राहायला लागतो. या कागदाची ईदीची पाकिटं करा. दुकानातल्या चकचकीत पाकिटापेक्षा घेणाऱ्याला ती जास्त दिवस आठवतात.

दोन पथ्यं

पहिलं, पवित्र मजकुराचं. कुराणातली आयत किंवा अल्लाहचं नाव असलेला कागद पायदळी किंवा कचऱ्यात जाता कामा नये, म्हणून मुलांच्या सरावासाठी असा मजकूर घेऊच नका. उर्दू वर्तमानपत्रांत आयती छापलेल्या असतात, ती पानं लगद्यासाठी वापरू नका. मुलाचं स्वतःचं नाव लिहायला द्यायचं असेल तर अब्दुल्ला, अब्दुर्रहमान यांसारख्या नावांतही अल्लाहचं नाव येतं हे लक्षात ठेवा आणि तो कागद भिंतीवर उंच लावा. ज्या ताईंना हे माहीत नसतं त्यांच्याकडून नकळत घरच्यांचं मन दुखावतं.

दुसरं, चित्रांचं. माणसं आणि प्राणी काढावेत की नाही, याबाबत घराघरांत मतं वेगळी आहेत. वर्गात सक्ती करू नका, आधी घरी विचारा. पानं, वेली, चंद्र, कमानी, जाळ्या एवढ्यावर वर्षभराची हस्तकला होते आणि ती कुणाही मुलाला कमी पडत नाही.

पुढच्या आठवड्यात सुई-दोरा आणि मणी घेऊ, तसबीहच्या तेहतीस मण्यांपासून सुरुवात करून. तोवर चारपैकी एकच कृती निवडा आणि ती मुलाला पूर्ण करू द्या. घडी चुकली तर तुम्ही सरळ करू नका. कागद स्वस्त आहे, त्याला दुसरा द्या.